ओतलेला शब्द

३ मार्च

प्रिय ताई,

इतक्या दिवसांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत. हे पत्र एका इंग्रजी शब्दासाठी आहे.

शब्द आहे ‘एलिमेंटल’. तुमच्या शहरात नदीकाठी नवं संग्रहालय बांधतात ना, त्याच्या दारासमोर ओतीव लोखंडाची एक पाटी उभी राहणार आहे आणि तिचं काम आमच्या कारखान्यात आलं आहे. पाटी म्हणजे दुकानावर असते तशी नव्हे. लांबीला मी आडवा झोपलो तरी दोन हात उरतील अशी, आणि जाड इतकी की कडेवर मांजर बसून झोपेल. त्यावर हा एकच शब्द, नऊ उठावाची अक्षरं, बाकी काही नाही. काम एका शिल्पकार बाईंचं आहे. त्या स्वतः लाकडी नमुना घेऊन आल्या होत्या. बोलायला साध्या आहेत, वाळूत बसताना साडीची काळजी करत नाहीत.

मी आपल्या जुन्या शब्दकोशात बघितलं. तीन अर्थ दिले आहेत आणि तिघांची एकमेकांशी ओळख नाही. पहिला, मूलभूत. तो मला निवडणुकीच्या भाषणांतून माहीत आहे, रस्ते, नळ आणि गटारं. दुसरा, पंचमहाभूतांसंबंधीचा. तिसरा, प्रचंड व अनावर. आता गटारापासून अनावरापर्यंत एकच शब्द कसा जातो ते मला कळत नाही. तू रोज इंग्रजी शिकवतेस, म्हणून तुला विचारतो. नुसता अर्थ नको. कुठे वापरतात आणि कुठे वापरत नाहीत, तेही लिही.

अर्थ कळल्याशिवाय साचा होत नाही असं नाही. बाबा तर म्हणतात, “अक्षरं आपण ओतायची, वाचायची दुसऱ्यांनी.” त्यांनी आजवर पुलांच्या पाट्या ओतल्या, गटाराची झाकणं ओतली, एका बँकेचं नाव ओतलं, आणि त्यातलं एकही वाचलं नाही. पण मला तसं जमत नाही. शब्दावर वाळू ठोकायची आणि तो काय म्हणतो ते ठाऊक नाही, म्हणजे अनोळखी माणसाला अंघोळ घालण्यासारखं वाटतं.

ओतणार बाबाच. महिनाअखेरीस ते कामावरून सुटतात, त्याआधीचं हे शेवटचं मोठं काम त्यांनी मालकांकडे मागून घेतलं. तू चार वर्षांपूर्वी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सगळ्यांसमोर म्हणालीस ना, “बाबांचा हात थरथरतो, त्यांना ओतकामावरून काढा”, त्यानंतर त्यांना मोठं काम कोणी दिलं नव्हतं. हे मी तुला टोमणा म्हणून लिहीत नाही. काम कोणाच्या हातून होणार ते तुला कळावं म्हणून लिहिलं.

हे पत्र मी लिहितो आहे ते बाबांना सांगितलेलं नाही. आई म्हणाली, सांगायची गरज नाही, तुझं उत्तर आलं की पाकिटावरचं अक्षर ते ओळखतीलच.

उत्तर लवकर पाठव. साचा आठवड्याभरात सुरू होईल.

तुझा,
खोडरबर

(तू ठेवलेलं नाव कारखान्यातही चालू झालं आहे. लिहिलेलं खोडतो म्हणून तू ठेवलंस, आणि केलेला साचा मोडून परत करतो म्हणून तिथे.)


१२ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तू पोस्टकार्डावर भागवशील असं वाटलं होतं, तू चार पानं लिहिलीस. मी ती परत परत वाचली आणि उदाहरणांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. राग येऊ देऊ नकोस, रेघा पट्टीनं मारल्या आहेत.

मला कळलं ते असं. समुद्राला, वादळाला, आगीला हा शब्द लावतात. माणसाच्या आतल्याही काही गोष्टींना लावतात, जशी भूक, किंवा लेकराला कोणी हात लावला तर येणारा राग. खुर्चीला लावत नाहीत. माणसाला सरसकट लावला तर जपून, कारण हा गडी अडाणी दांडगा आहे असंही त्यातून ऐकू येतं. आणि एलिमेंटरी हा वेगळा शब्द, त्याचा अर्थ प्राथमिक. तेवढं माझं झालेलं आहे.

सगळ्यात उपयोगाचं वाक्य तू शेवटच्या पानावर लिहिलंस. “ज्याच्यासाठी कोणाला जाब विचारता येत नाही, तिथे हा शब्द शोभतो.” वादळानं पत्रे उडवले तर वादळाकडून खुलासा मागवत नाहीत. हे वाचल्यावर शब्दकोशातले तिन्ही अर्थ मला एका घरातले वाटायला लागले.

मी कारखान्यात वापरून बघितला. भट्टीवर जो आहे त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तो बंद होत नाही. त्याला विचारलं, “तुझ्या बडबडीला एलिमेंटल म्हणू का?” तो म्हणाला, “पगार वाढणार असेल तर काहीही म्हण.”

घरी जेवताना मी आईला शब्द समजावून सांगत होतो. बाबा ताटात बघत होते. आई म्हणाली, “एका शब्दासाठी बापलेकांनी घर डोक्यावर घेतलंय.” बाबा म्हणाले, “मी कुठे काय बोललो?” थोड्या वेळानं, पाणी पिऊन झाल्यावर, म्हणाले, “काय लिहिलंय तिनं?” मी शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. ‘तिनं’ म्हणाले, एवढं तुला सांगतो. याआधी ‘ती शिकलेली’ असं म्हणायचे.

आता साच्याबद्दल. तू लहानपणी गेटापर्यंतच आलेली आहेस, म्हणून नीट लिहितो. वाळू भिजवतो, पण कमी. मूठ आवळून उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि बोटानं दाबला की स्वच्छ मोडला पाहिजे. पाणी जास्त झालं तर वितळलेल्या लोखंडाचा रस पडताच वाफ होते आणि साचा आतून उसळतो. कमी झालं तर अक्षरांच्या कडा ढासळतात. मग नमुन्याच्या अक्षरांवर वाळू ठोकायची आणि पेटी उलटी करायची. अक्षरं खाली तोंड करून असतात, म्हणजे तोंड साफ येतं आणि रसातली मळी वर पाठीकडे जाते. नमुना उचलला की वाळूत शब्द उलटा उमटलेला दिसतो, आरशातल्यासारखा. मग सळईनं हवेला वाटा करायच्या. हवेला वाट दिली नाही तर ती स्वतः काढते, आणि ती नेमकी अक्षरातून काढते.

माती, पाणी, वारा, आणि शेवटी विस्तव. हे करताना एकदम लक्षात आलं की बाईंनी हा शब्द निवडला तो आमच्या कामासाठीच निवडल्यासारखा आहे. मी त्यांना तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, “मग उगाच का लोखंडात करतेय?”

साचा पूर्ण माझ्या हातचा आहे. बाबांनी गुडघ्यावर बसून सगळ्या कडा बघितल्या. कुठेही बोट ठेवलं नाही. कारखान्यात याच्यापेक्षा मोठी शाबासकी मी कोणाला मिळालेली पाहिलेली नाही, आणि ती मला मिळाली हे मी रेडिओसकट सगळ्यांना सांगून आलो आहे.

शुक्रवारी सकाळी ओतणार.

तुझा,
खोडरबर


१६ मार्च

प्रिय ताई,

शुक्रवारी ओतलं. साचा फुटला नाही, वाळू कुठे बसली नाही. अक्षरांच्या कडा उत्तम आल्या आहेत.

बाबा बरे आहेत.

बाकी सवडीनं लिहीन.

तुझा,
खोडरबर


२१ मार्च

प्रिय ताई,

मागचं पत्र मी आखूड लिहिलं ते तुझ्या लक्षात आलं असणार. लिहिलेलं सगळं खरं होतं, फक्त कडांपाशी थांबलो होतो.

रसाची मोठी बादली, आम्ही तिला लॅडल म्हणतो, क्रेनला टांगलेली असते आणि ती एक चाक फिरवून कलती करतात. चाकावर बाबा होते. साच्याच्या तोंडाशी एक माणूस उभा राहून हाका देतो. ‘चल’ म्हटलं की धार सुरू, ‘बस’ म्हटलं की बंद. मध्ये कोणी बोलत नाही, रेडिओसुद्धा. हाकेला मी होतो. मी ‘चल’ म्हणालो आणि धार सुरेख पडली, दोरीसारखी. एक तोंड, पण आत रस दोन वाटांनी दोन्ही टोकांकडे जातो आणि दोन्ही टोकांकडून येऊन मध्यावर भेटतो. तो भेटेपर्यंत धार तुटू द्यायची नाही. तुटली तर रसाचं तोंड गार होतं आणि भेटला तरी एकजीव होत नाही. लोखंडात रेघ राहते. आम्ही तिला सांधा म्हणतो.

धार मध्येच तुटली. पापणी लवावी तेवढीच. बाबांचा हात चाकावर एकदा थरथरला, चाक मागे गेलं, आणि त्यांनी ते लगेच परत फिरवलं. मला दिसलं आणि रेडिओला दिसलं. बाबांनी ओतणं पूर्ण केलं, हातमोजे काढले आणि पाण्याच्या टाकीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला. शब्दाच्या बरोबर मध्यावरच्या ई वर, उभी, अक्षराची मधली दांडी कापून थेट पाटीच्या कडेपर्यंत रेघ. नख आत जाईल एवढी.

बाई तेव्हा तिथेच होत्या. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. त्यांनी हात टेकवून रेघ चाचपली, दोनदा, आणि म्हणाल्या, “हीच मला हवी होती. मी मागूनही मिळाली नसती. लोखंडानं स्वतः ठरवून ठेवलेली आहे ही.” आणि मग तो शब्द म्हणाल्या. पाटीवरचा.

मालकांचा जीव भांड्यात पडला. “चला, माल पास,” असं म्हणून ते ट्रकवाल्याला फोन करायलाही गेले.

बाबा लांब उभे होते. त्यांनी मला बोलावलं. “काय म्हणतात बाई?”

मी म्हणालो, “त्यांना ती रेघ आवडली आहे. पाटी तशीच हवी आहे.”

“कसा चांगला होईल सांधा? त्या काहीतरी शब्द म्हणाल्या.”

“पाटीवरचाच म्हणाल्या.”

“त्याचा अर्थ तू परवा सांगितलास. जाब विचारता येत नाही, तो.”

“हो.”

“म्हणजे रेघ कोणाच्या हातून झालेली नाही, असं त्यांचं म्हणणं?”

ताई, त्या वेळी मला ‘हो’ म्हणता आलं असतं. पाटी गाडीत चढली असती, तुमच्या नदीकाठी उभी राहिली असती, लोकांनी वाखाणली असती, आणि बाबा सन्मानानं कामावरून सुटले असते. सगळ्यांना तेच हवं होतं. मी शब्दाचा अर्थ थोडा सैल केला असता तर पुरलं असतं. पण बाबा माझ्याकडे असे बघत होते की मला सैल काही बोलता येईना. मी म्हणालो, “बाईंना तसं वाटतं. त्यांनी चाक पाहिलं नव्हतं.”

बाबा म्हणाले, “मग माझा हात काय वाऱ्यानं हलला?”

आमच्याकडे पद्धत अशी आहे की जो ओततो तोच फोडतो. बिघडलेला माल दुसऱ्यानं फोडायचा नाही, मालकानंसुद्धा नाही. फोडताना कोणी मदत करत नाही आणि कोणी पाठही फिरवत नाही. सगळे हातातलं ठेवून उभे राहतात. बाबांनी क्रेनवाल्याला सांगून पाटी दोन ठोकळ्यांवर आडवी ठेववली आणि मोठा घण उचलला.

बाई पुढे आल्या. भांडल्या म्हटलं तरी चालेल. “माझं काम आहे ते. मला चालतंय तर तुम्हाला काय अडचण? झाडाला वीज चाटून गेली तर ते झाड तुम्ही तोडून टाकता का?” मला याचं उत्तर अजूनही सापडलेलं नाही, आणि तुझ्याकडे असेल तर मला कळव, कारण मुद्दा खरा आहे.

बाबा म्हणाले, “बाई, तुमचं काम तुम्हाला मिळेल. हे माझं आहे.”

पहिल्या घावाला नुसता आवाज झाला. घण उचलताना हात थरथरत होते, सगळ्यांना दिसत होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. पाचव्या की सहाव्या घावाला पाटी मोडली. त्या रेघेवरच मोडली. मग मालक आले, कपाळावर हात मारून घेतला, “ट्रक सांगून बसलोय मी,” म्हणाले. बाबा म्हणाले, “लोखंड कुठे पळालंय? हेच वितळवायचं, हेच ओतायचं.” बाईंनी एक तुकडा मागितला, आठवण म्हणून. बाबांनी तोही दिला नाही. सगळंच्या सगळं नव्या पाटीत जायला हवं म्हणाले. बाई हसल्या. “ठीक आहे. हेही चालेल मला.”

मला त्या क्षणी बाबांचा इतका अभिमान वाटला की मी वाळूच्या ढिगाकडे तोंड करून उभा राहिलो.

घरी येताना आम्ही चालत आलो. बाजाराच्या कोपऱ्यावर बाबा म्हणाले, “ती जाते का त्या बाजूला? नदीकडे?”

मी म्हणालो, “तिची शाळाच तिथे आहे. रोज जाते.”

ते म्हणाले, “मग.”

पण मला कळलं. ती रेघ तिथे तुझ्या रोजच्या वाटेवर उभी राहिली असती. बाईंच्या लेखी ती कोणाचीच नव्हती. तुझ्या लेखी कोणाची ते बाबांना ठाऊक होतं. केबिनमध्ये तू म्हणालीस ते खरं ठरलं असतं आणि ते तू एकटीनं, रोज, येता-जाता वाचलं असतं.

रात्री जेवण झाल्यावर त्यांनी आपले हातमोजे माझ्या पुढ्यात ठेवले. “तू ओत. मी हाक देतो.” आईनं विचारलं, “म्हणजे आता तुम्ही चाक सोडलं?” ते म्हणाले, “म्हणजे आता तो ओतणार.” तू म्हणाली होतीस तेच त्यांनी केलं. फक्त मालकांनी काढलं नाही, त्यांनी स्वतः सोडलं. हा फरक माझ्या मते फार मोठा आहे आणि तो तुला दिसावा म्हणून मी हे सगळं इतक्या खुलाशानं लिहिलं.

येत्या मंगळवारी सकाळी ओतणार. मी तुला बोलावत नाही. दिवस कळवतो आहे.

भीती वाटते. साचा केला तेव्हा चूक झाली तर वाळूच जाणार होती. आता रस असेल.

तुझा,
खोडरबर


२ एप्रिल

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचलीस हे आईला कळलं. आईनं बांधून दिलेल्या डब्याचं झाकण इथेच राहिलं, ते पुढच्या वेळी.

तू स्वतः तिथे होतीस तरी मंगळवारचं लिहितो, कारण तुला बाबांची पाठ दिसत होती. चेहरा मला दिसत होता.

तू मागच्या दारानं आलीस. मी चाकावर होतो आणि लॅडल साच्याच्या तोंडावर आणलेली होती. रस असा पांढरा-पिवळा होता की बघवत नव्हता, म्हणजे ओतायला अगदी तयार. बाबांनी साच्यावर शेवटची नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं, आणि ‘चल’ म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात रेडिओ बोलला. त्या वेळी कोणी बोलायचं नसतं, पण त्याचं तोंड ते. “अहो, तुमची लेक आली.”

बाबा वळले नाहीत. हाक देणाऱ्यानं वळायचं नसतं. पण हाकही येईना. तोंड तसंच उघडं. भट्टीवर नवीन आलेल्या माणसासमोर पहिल्यांदा तिचं दार उघडतात तेव्हा त्याचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. डोळे मिटावेत असं वाटतं आणि मिटत नाहीत. हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं आहे, तरी पुरेसं बसलेलं नाही. बाबांना अनावर झालेलं मी कधी पाहिलेलं नाही. घण मारतानाही ते शांत होते.

माझा हात चाकावर आणि रस केशरी व्हायला लागलेला. रस गार होत होता, ताई. मला ओरडावंसं वाटत होतं आणि पद्धत अशी की हाकेशिवाय चाक हलवायचं नाही.

मग त्यांनी मागे न बघता तुला सांगितलं, “मागे सरक. पायात चपला असतील तुझ्या.” चार वर्षांतलं तुझ्याशी पहिलं वाक्य. तू सरकलीस, हे मी पाहिलं. चपलाच होत्या, हेही पाहिलं. आणि मग ‘चल’.

धार मी तुटू दिली नाही. हे मी लिहितो म्हणून नव्हे, तू बघितलंस. अखेरपर्यंत एकसारखी होती. हवेच्या वाटांवर निळ्या ज्योती डावीकडून आणि उजवीकडून एकदमच पेटल्या, त्याचा अर्थ रस दोन्हीकडून बरोबर चालला होता. माझे हात ओतून झाल्यावर थरथरले, आधी नाही. त्यानंतर तुमचं जे बोलणं झालं, गाडी किती वाजताची आणि मुलं वर्गात किती, ते मी ऐकलं. बाबा एवढंच विचारू शकले याचं तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू गेल्यावर त्यांनी मला विचारलं, “चाळीस मुलं एका वर्गात? सगळ्यांच्या वह्या तीच बघते?” आणि संध्याकाळी हेच त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, जणू चाळीसच्या चाळीस तू स्वतः ओतून काढली आहेस.

बुधवारी साचा फोडला. वाळू झाडली. अक्षरं अशी आली आहेत की कडेवर सुपारी कातरावी. मालकांनी बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. बाई अजून आलेल्या नव्हत्या. सगळे पांगल्यावर मी ब्रश घेऊन एकेक अक्षर पुसायला बसलो.

मधल्या ई वर रेघ आहे.

पहिल्यासारखी नाही. केसाएवढी. तिरकस उजेड नसेल तर दिसतही नाही. धार तुटली नव्हती, पण रस थांबून गार झालेला होता. जेवढा थांबला तेवढी रेघ.

बाबा येऊन शेजारी बसले. त्यांनी रेघेवर अंगठा फिरवला.

“दिसली?” म्हणाले.

“दिसली.”

“नखाला लागते?”

“लागते. थोडी.”

ते उठले, घण आणला आणि माझ्याजवळ टेकवून ठेवला. “तू ओतलंय. तुझा माल आहे.”

“तुम्ही काय केलं असतं?”

“मला विचारू नकोस. मी हाक दिली होती.” आणि ते तोंड धुवायला टाकीकडे गेले.

घण मी उचलला. तुला माहीत आहे मी कसा आहे. एका काना-मात्रेसाठी पान फाडणारा माणूस मी. माझ्या हातची पहिली मोठी पाटी आणि तिच्यावर नखाला लागणारी रेघ. ती मी फोडली असती तर एकानंही नाव ठेवलं नसतं, उलट बापाचा मुलगा म्हणाले असते. मी उभा राहून शोधत होतो की ही रेघ कोणाची. माझ्या हाताची नाही, ते मला पक्कं ठाऊक होतं. बाबांच्या हाताचीही नाही, हात चाकावर नव्हताच. तुझी म्हणावी तर तू फक्त दारात उभी होतीस. रेडिओ बोलला, पण खोटं काय बोलला? बाबांनी उशीर ठरवून केला नाही. त्यांच्या आत जे थांबलं त्याला ‘थांब’ असं कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही नाही. तुझी चार पानं मला पाठ आहेत. त्यातल्या एकाही उदाहरणात हा शब्द इतका घट्ट बसलेला नाही. बाईंनी तो पहिल्या पाटीला लावला तेव्हा मला पटला नव्हता. या पाटीला मी स्वतः लावला. चुकत असेन तर तू दुरुस्त कर, पण मला वाटत नाही मी चुकतोय.

मी घण त्याच्या जागी नेऊन ठेवला.

बाबा टॉवेलानं मान पुसत परत आले. पाटी अखंड बघून थबकले. मी म्हणालो, “घासून काढू का रेघ? कानशीनं जाईल.”

ते म्हणाले, “हात लावू नकोस तिला.”

परवा पाटी ट्रकमध्ये चढवली. बाईंना मी स्वतः रेघ दाखवली, कारण न सांगता माल पाठवणं मला जमत नाही. त्यांनी विचारलं, “आणि ही का फोडली नाही?” मी म्हणालो, “ही आमची आहे.” शेवटी बाबांना नमस्कार करून त्या गेल्या. आता महिना संपला आणि बाबा घरी असतात. सोमवारपासून चाक माझ्याकडे आहे. मालकांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं आणि रेडिओनं ते गावभर केलं.

पाटी उभी राहिली की पहिल्या दिवशी जाऊ नकोस, गर्दी असेल. नेहमीसारखी शाळेला जाताना थांब, सकाळचं ऊन तिरकं असतं तेव्हा. मधल्या ई च्या मधल्या दांडीवर नख फिरव. तिथे कोणी भेटून विचारलं की एवढ्या सुंदर कामात ही रेघ कशी राहिली, तर सांग की माझ्या बापानं हाक दिली, माझ्या भावानं ओतलं, आणि दोघांनी ती बघूनच पाठवली आहे.

तुझा भाऊ